दमलेली पावडर

माझ्या तोंडाला झाकण नाही, असं आई मी बोलायला लागल्यापासून सांगत आलीय. हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध व्हायला मात्र माझी चाळिशी उलटावी लागली, आणि सिद्ध करणारा शास्त्रज्ञही मीच निघालो. स्वतःच्या फजितीचं इतकं काटेकोर मोजमाप फार थोड्यांनी केलं असेल.

मी सिरियावर काम करतो. सिरिया म्हणजे सिरियम या धातूचं ऑक्साइड. फिकट पिवळी, बोटांना मऊ लागणारी पावडर. गाडीचा धूर बाहेर पडण्याआधी ज्या डब्यातून साफ होऊन जातो, त्या डब्यात ती असते. तिचा गुण असा, की ऑक्सिजन जास्त झाला की ती तो आत घेऊन ठेवते आणि कमी पडला की सोडते, आणि एवढं करून स्वतः कुठे कुरकुरत नाही. आमच्या घरात हे काम बायको करते, पण ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

या पावडरीच्या कणात ऑक्सिजनच्या जागा ओळीने ठरलेल्या असतात. सगळ्या भरलेल्या असतील तर कोणालाच हलता येत नाही. आकडे सरकवायचं ते चौकोनी कोडं लहानपणी ज्यांनी खेळलंय, त्यांना हे समजवावं लागत नाही. एक घर मोकळं असतं म्हणून तर बाकीचे आकडे सरकतात. सिरियात अशी मोकळी घरं मुद्दाम करता येतात. थोड्या सिरियमच्या जागी लँथनम घुसवायचं. लँथनमला ऑक्सिजन कमी लागतो, त्यामुळे काही घरं ओस पडतात. याला आम्ही डोपिंग म्हणतो. भेसळ म्हणत नाही, कारण भेसळीवर प्रबंध लिहिता येत नाही.

थोड्या लँथनमने फायदा होतो, तर भरपूर लँथनमने भरपूर फायदा होईल, असं माझं साधं गणित. मी सढळ हाताने लँथनम घातलं. बायकोने एकदाच, जेवताना, मला टोकलं होतं.

"अरे, मोकळ्या जागा म्हणजे साठा नव्हे," ती म्हणाली. "साठा म्हणजे जो उठून जातो आणि परत येऊन बसतो तो. साठवणारं सिरियम आहे. तेच काढून लँथनम भरत सुटलास तर उरलं काय? आणि इतकं लँथनम झालं की मोकळ्या जागा त्यालाच चिकटून बसतात. मग कोणीच हलत नाही."

"आपलं काय ठरलंय?" मी म्हणालो.

आमचं ठरलेलं असं होतं, की एकमेकांच्या कामात विचारल्याशिवाय नाक खुपसायचं नाही. लग्न नवं असताना तिने एकदा पाहुण्यांदेखत माझा आलेख उलटा आहे हे दाखवून दिलं होतं. आलेख उलटाच होता, पण पाहुणे माझ्या बाजूचे होते. तेव्हापासून हा करार. दोघांच्या प्रयोगशाळा शेजारीशेजारी, मध्ये एक भिंत. तिथे आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो, घरी अरे-तुरे. आणि नाकाबद्दल बोलायचं तर नाक हे तिच्या यंत्राचंच नाव. भट्टीतून कुठला वायू बाहेर पडतोय ते हुंगून ओळखणारं यंत्र. सगळ्या इमारतीचे नमुने तिच्याकडे यायचे आणि रांगेत उभे राहायचे. तिचा कोणावरही विश्वास नाही. दूधसुद्धा ती हुंगल्याशिवाय गॅसवर चढवत नाही.

माझ्याकडे मात्र फक्त वजन होतं. भट्टीच्या आत लोंबकळणारा एक नाजूक तराजू. पावडर त्यावर ठेवायची, नायट्रोजन सोडायचा, तापवायचं. वजन जेवढं घटेल तेवढा ऑक्सिजन पावडरीने सोडला, असं धरायचं. माझ्या पावडरीचं वजन पहिल्याच खेपेला असं धाडकन घसरलं, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. इतका ऑक्सिजन सोडणारी सिरिया कोणी पाहिली नव्हती. ती हवेत थंड केली, तशीच पुन्हा तापवली. दुसऱ्या खेपेला घट नावालाच. तिसऱ्या खेपेला नावालाही नाही.

दुसरा कोणी असता तर इथे त्याला शंका आली असती. मला सिद्धांत सुचला.

पावडर दमली, असं मी ठरवलं. दमलेल्याला काय हवं? विश्रांती. मी ती पोर्सेलिनच्या एका उघड्या, होडीच्या आकाराच्या भांड्यात (आम्ही त्याला होडीच म्हणतो) घालून टेबलावर ठेवून दिली. काही दिवसांनी पुन्हा तापवली, तर वजन पहिल्यासारखं धाडकन खाली! परत दमवली, परत ठेवली, परत ताजीतवानी. मी त्याला 'थकवा आणि विश्रांतीचा परिणाम' असं भारदस्त नाव दिलं आणि आरशात स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मोजण्याआधी पावडर कोरड्या, शुद्ध हवेत चांगली तापवून घ्यायची, म्हणजे तिच्या अंगावर बसलेला ओलावा आणि बाकीचं लटांबर निघून जातं. पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना हेच शिकवतो. पण विश्रांती घेऊन नुकत्याच उठलेल्या पावडरीला लगेच तापवायचं म्हणजे आजारातून उठलेल्याला गोणी उचलायला लावण्यासारखं, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून मी तो नियम गाळला. विसरून नाही, कनवाळूपणाने गाळला.

आणि पावडर टेबलावर विसावलेली असताना मी तिला एकटं पडू देत नव्हतो. येईल जाईल त्याला खुर्ची द्यायची, होडी पुढ्यात ओढायची आणि तिच्यावर वाकून सिद्धांत समजावायचा. कोणी आलं नाही तर परिषदेतल्या भाषणाची तालीम करायची, तीही होडीसमोरच. आमचे विभागप्रमुख दोनदा येऊन ऐकून गेले आणि त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. चढायला मला शिडी लागत नाही.

घरी आईने माझा शोध ताबडतोब अमलात आणला. दुपारी जेवण झालं की पांघरूण ओढून म्हणायची, "मी विश्रांतीला चालले. तुझ्या पावडरीला चालते, मला का नको?" शेजारच्या काकूंना तिने सांगून ठेवलं होतं, की माझ्या लेकाने शोध लावलाय, दमलेली वस्तू ठेवून दिली की परत चालते. काकूंनी त्यांचा बंद पडलेला मिक्सर आठवडाभर कपाटात ठेवून पाहिला.

अशात बायकोला बोलावणं आलं. दुसऱ्या गावी नवी प्रयोगशाळा उभी राहत होती, आणि ती पहिल्या दगडापासून उभी करायला त्यांना हीच हवी होती. नुसती नोकरी नाही, सगळा कारभारच तिच्या हातात. दुसऱ्यांचे नमुने हुंगण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि आता स्वतःचं काही करायची वेळ आली होती. सांगताना तिच्या गालावर रंग चढला होता. मला तो दिसला, आणि तरी मी जे बोललो ते बोललो.

"आत्ताच?" मी म्हणालो. "माझी पावडर अगदी हातातोंडाशी आलीये, आणि आत्ता सगळं सोडून जायचं?"

"तू ये नंतर."

"तिकडे माझ्यासाठी भट्टी कुठे आहे? एकदा हे छापून येऊ दे. मग दोघांना कुठेही बोलावतील, पायघड्या घालतील."

तिने ताटं उचलली. मग म्हणाली, "खरंच एवढं मोठं आहे ते?"

"तुझी शपथ."

"बरं," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी त्यांना फोन करायचाय. नाही म्हणून कळवते."

मला हायसं वाटलं. हे लिहिताना स्वतःची लाज वाटते, पण हायसं वाटलं हे खरं. त्या संध्याकाळी मी शीळ घालत भांडी घासली आणि स्वतःला मोठ्या मनाचा नवरा समजलो.

गुरुवारी विभागप्रमुखांनी फर्मान सोडलं. सोमवारी पावडरीची जाहीर घोषणा करायची होती, आणि त्यांना वजनाच्या आलेखाशेजारी ऑक्सिजनची रेघ हवी होती. "लोकांना वजन कळत नाही हो," ते म्हणाले, "ऑक्सिजन बाहेर पडताना दिसला पाहिजे." बायको त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत बैठकीला गेली होती. मी विचार केला, गुपचूप रेघ काढून घ्यावी आणि संध्याकाळी तिच्यापुढे टाकावी. माझ्या भट्टीची बाहेर जाणारी नळी मी भिंतीतल्या भोकातून तिच्या खोलीत नेली, नाकाला जोडली, विसावलेली पावडर तराजूवर ठेवली आणि हाताची घडी घालून पडद्यासमोर बसलो.

पडद्यावर तीन रेघा होत्या. लाल ऑक्सिजनची, काळी कार्बन डायऑक्साइडची, निळी पाण्याच्या वाफेची. भट्टी तापायला लागली. शेजारच्या पडद्यावर वजन धाडकन घसरलं, अगदी नेहमीसारखं. मी लाल रेघेकडे बघत होतो. लाल रेघ आडवी पडून होती. तिच्या डोक्यावरून निळी चढली आणि मग काळी अशी उभी राहिली की पडद्याबाहेर गेली.

यंत्र बिघडलंय, असं मी ठरवलं. माझं असंच आहे, बिघाड शोधायचा तर मी बाहेरून सुरुवात करतो. तपासावं म्हणून मी भट्टीची नळी काढली, नाकाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि एक फुंकर मारली.

नळी काढताच बाहेरच्या हवेने लाल रेघ वर गेलीच होती, पण फुंकरीसरशी निळी आणि काळी, दोन्ही टुणकन वर. तीच जोडी.

मी पुन्हा फुंकलं. पुन्हा तीच जोडी. नाकाला काहीही झालं नव्हतं. ते इमानेइतबारे सांगत होतं, की तुमच्या तोंडातून जे निघतं तेच तुमच्या पावडरीतून निघतंय. खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा ही पावडर पोटभर पीत होती. लँथनमला त्याची भारी हौस, आणि मी लँथनम सढळ हाताने घातलेलं. शिवाय मी रोज तिच्यावर वाकून भाषणं ठोकत होतो. पहिल्या तापवणीत ते सगळं उडून जायचं, म्हणून नंतरच्या खेपांना काही उरायचं नाही. टेबलावर ठेवली की पुन्हा भरायची. जगातला सर्वांत मोठा ऑक्सिजनसाठा म्हणून मी जो मिरवत होतो, त्यात निदान थोडा तरी माझा स्वतःचा श्वास होता. एवढा मोठा बोलघेवडेपणा तराजूवर कोणी तोलला नसेल.

तरीही मी नियमाप्रमाणे पावडर कोरड्या हवेत तापवली, बाहेर न काढता थंड केली आणि परत मोजली. शेवटी शेवटी, भट्टी लालभडक झाल्यावर, लाल रेघेला इवलासा फुगवटा आला आणि मावळला. साध्या, कमी लँथनमच्या सिरियात याहून जास्त येतो.

 पावडर गेली याचं दुःख होतंच, पण खरा घोर वेगळाच होता. बायको उद्या सकाळी नाही म्हणणार होती, आणि ज्याच्यासाठी नाही म्हणणार होती ते माझ्या तोंडची वाफ होती.

संध्याकाळपर्यंत मी स्वतःशी काय काय वाद घातले ते सांगायला नकोत. फोन होऊन जाऊ दे, मग सांगू. किंवा सोमवार होऊन जाऊ दे. किंवा कार्बन डायऑक्साइडलाच काहीतरी नवं नाव देऊ. ती इथेच राहील, मीही राहीन, आईही राहील, सगळं जागच्या जागी. मग मला तिचं ते जेवतानाचं बोलणं आठवलं, मोकळ्या जागा लँथनमला चिकटतात आणि कोणीच हलत नाही. आमच्या घरातलं लँथनम मीच होतो. हे कळायला रसायनशास्त्राची पदवी लागली, यातच माझी हुशारी आली.

रात्री जेवताना मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा आई मध्येच म्हणाली, "काकूंचा मिक्सर चालू झाला रे!" दुसऱ्यांदा माझंच धैर्य झालं नाही. बायकोने विचारलं, "बरं वाटत नाहीये का? गप्प गप्प आहेस." ज्याच्या गप्प बसण्यावर घरात औषधाची चौकशी होते असा माणूस मी.

सकाळी ती फोन घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. केस बांधलेले, चेहरा शांत. नंबर शोधत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप धरून उभा होतो.

"थांब," मी म्हणालो. "ती पावडर काही साठवत नाही."

तिने फोन खाली घेतला.

"काल नाकाला जोडली. ऑक्सिजन नाहीये. सगळा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. आधी तापवून घेतलीच नव्हती मी. मुद्दाम नव्हती घेतली. ती दमत नव्हती. ती मी बोललेलं पीत होती."

ती हसेल असं मला वाटलं. इतर कोणाचं असतं तर ती पोट धरून हसली असती. ती हसली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बसली.

"आधी तापवून घेतली नव्हतीस," ती म्हणाली.

"नाही."

"मला विचारलं असतंस तर दुपारभरात कळलं असतं. भिंतीपलीकडे होते मी."

"तुला विचारलं असतं तर कळलं असतं," मी म्हणालो, "म्हणूनच विचारलं नसेल."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर ते खरं आहे हे दोघांनाही कळलं.

"तुला माहितीये का," ती हळू म्हणाली, "अख्ख्या इमारतीत मी फक्त एका माणसाचा नमुना तपासला नाही. दोन खेपांत दमणारी आणि बसून ताजी होणारी पावडर! दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी नमुना दारातूनच परत पाठवला असता. तू शपथ घेतलीस, आणि मी हुंगलंसुद्धा नाही." तिचे डोळे भरून आले. "मला राग पावडरीचा नाही रे. मला माझा राग येतोय."

  मी कप खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसलो.

"फोन कर," मी म्हणालो. "हो म्हण."

"आणि तू?"

"येईन मागून. तिकडे जागा नसेल माझ्यासाठी, तर नसू दे. भट्टी पेटवायला लागेल ना कोणीतरी?"

तिने डोळे पुसले आणि नंबर लावला. पलीकडचं बोलणं मला पुसट ऐकू येत होतं. ती हो म्हणाली.  मला इतका आनंद झाला, आणि त्याच वेळी ती जाणार म्हणून छातीत इतकं रितं वाटलं, की कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही. मग पलीकडून माझी चौकशी झाली असावी.

"ते सिरियावर काम करतात," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "भट्ट्यांचं चांगलं कळतं. बोलतात फार. चूक झाली की सांगतात, उशिरा सांगतात." मग म्हणाली, "पण सांगतात."

आतून आईचा आवाज आला, "काय ठरलं रे? मला कोणी सांगेल का?" सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझी दुपारची झोप?" मी म्हणालो, ती चालू ठेव, तिचा पावडरीशी काही संबंध नाही. विभागप्रमुखांना सांगायला गेलो तेव्हा मात्र मी घामाने भिजलो होतो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि उघडले तेव्हा त्यांत चमक होती. "म्हणजे ही पावडर कार्बन डायऑक्साइड शोषते!" ते म्हणाले. "मग सोमवारी तेच जाहीर करू." त्यांना त्यापासून परावृत्त करण्यात माझी शुक्रवारची दुपार गेली.

बायकोचं नाक इथे राहणार होतं, ती जाणार होती. तिच्या शेवटच्या दिवशी मी नवा नमुना घेऊन तिच्या खोलीत गेलो. लँथनम चिमूटभर, पावडर नियमाप्रमाणे तापवलेली, बंद बाटलीतून आणलेली. माझ्या आधी तिघं होते. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केला.

"आधी तापवलीत?" तिने विचारलं.

"तापवली."

"बाटली कुठे उघडलीत?"

"नाही उघडली."

तिने बाटली उघडून पावडर नाकाच्या छोट्या भट्टीत सरकवली. मी काहीतरी सांगायला वाकलो, तर तिने मान न वळवता बोट वर केलं. मी दोन पावलं मागे सरलो आणि तोंड मिटून उभा राहिलो. काळी रेघ आडवी, निळी आडवी. बऱ्याच वेळाने लाल रेघ उचलली गेली. फार नाही, बोटाच्या पेराएवढी. मग हवा सोडल्यावर जेवढा गेला होता तेवढा ऑक्सिजन परत येऊन बसला. तिने दुसऱ्यांदा तापवलं. पुन्हा तेवढाच. तिसऱ्यांदाही तेवढाच.

मागची माणसं चुळबुळ करायला लागली होती. तिने आलेख छापून काढला, खाली सही केली आणि माझ्या हातात दिला.

"छोटा आहे," ती म्हणाली.

मी मान हलवली. 

"पण हा दर वेळी परत येतोय," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचा नमुना घ्यायला वळली.